चित्रातला पाऊस आणि दगडी भिंत

आमच्या घरात टीव्हीवरचं चित्र अडलं की आरोपी ठरलेला असतो : नेट. नेट स्लो आहे, पावसाने नेट गेलंय, केबलवाल्याला फोन लाव. मावळात असं म्हणायला कारणंही भरपूर. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आमच्याकडेही तो काही हात आखडता घेत नाही. फायबर येतं ते विजेच्या खांबांवरून आणि झाडांतून. त्याला माकडं लोंबकळतात. वीज जाते, येते, पुन्हा जाते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या टीव्हीवर जे अडत होतं, त्याचा नेटशी संबंधच नव्हता. तो शोध कसा लागला ते सांगतो, कारण हीच तक्रार ओळखीच्या बऱ्याच घरांत ऐकू येते.

आधी घर सांगायला हवं. मळवली स्टेशनापासून थोडं आत, भाजे लेण्यांच्या डोंगराखाली आमचं घर. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा : दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, समोर पडवी. मागचा भाग नंतरचा, विटांचा आणि स्लॅबचा, त्यावर माडी. फायबर पडवीत येतं आणि राउटरही तिथेच, मीटरशेजारी. दगडी भिंतीला ड्रिल लावायला केबलवाल्याचा पोरगा तयार नव्हता. टीव्ही माजघरात, म्हणजे त्या दोन फुटी भिंतीच्या पलीकडे. संगणक माडीवर.

मी तळेगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी हौसेने एचडी कॅमेरा घेतला आणि त्यावर घरची लग्नं, एकवीरेची चैत्री यात्रा, विसापूर, लोहगड आणि मुख्य म्हणजे दरवर्षीची भातलावणी टिपत गेलो. हे सगळं माडीवरच्या संगणकात साठलं होतं. गुडघ्यांमुळे आई आता खाचरात उतरत नाही. ती म्हणाली, "ते लावणीचं टीव्हीवर लावून दे की. माडीवर कोण चढंल?" पुतण्याने संगणकावर जेलीफिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं, टीव्हीवर त्याचं ॲप घेतलं आणि माडीवरचे व्हिडिओ माजघरात दिसायला लागले.

दिसायला लागले, पण धड नाही. चार-पाच सेकंद नीट चालायचं, मग चित्र थिजायचं, मध्ये गोल फिरत राहायचं, मग एकदम पुढे उडी. आईने त्यातली एक गोष्ट आमच्या आधी टिपली. "पाऊस आला की थांबतंय बघ हे." आम्हाला वाटलं ती बाहेरच्या पावसाबद्दल बोलते आहे.

केबलवाल्याचा पोरगा येऊन गेला. राउटरशेजारी उभं राहून त्याने मोबाइलवर वेग मोजला. "काका, शंभराच्या प्लॅनला शहाण्णव येतंय. आमच्याकडून ओके आहे. टीव्ही जुना असंल, नायतर दोनशेचा प्लॅन घ्या." त्याचं मोजमाप चुकीचं नव्हतं. ओटीटीवरचा सिनेमाही त्याच टीव्हीवर, त्याच वेळी, न अडता चालत होता. मग घरचाच व्हिडिओ का अडावा?

याचं अर्धं उत्तर एका वादळी संध्याकाळी मिळालं. वरच्या वळणावर फांदी पडली, फायबर तुटलं, राउटरचा लाल दिवा लागला. घर इन्व्हर्टरवर होतं. आईने सवयीने लावणी लावली आणि ती लागली. आधीइतकीच अडखळत, पण लागली. नेट पूर्ण बंद असताना व्हिडिओ तसाच चालतो आणि तसाच अडतो, याचा अर्थ तो घराबाहेर जातच नाही. माडीवरून निघतो, पडवीतल्या राउटरला शिवतो आणि माजघरात येतो. दोष असेल तर याच वाटेवर. प्लॅन दोनशेचा केला काय, पाचशेचा केला काय, या वाटेला त्याचा उपयोग शून्य.

कारखान्यात लाइन बंद पडली की आम्ही सगळं एकदम उघडून बसत नाही. साखळी मध्ये तोडायची आणि कोणती बाजू शुद्ध आहे ते बघायचं. इथेही तेच केलं. लावणीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीच्या पाठीत लावली. लोण्यासारखी चालली. म्हणजे फाइल शाबूत, टीव्हीची ताकद शाबूत.

पुतण्याच्या नव्या फोनवरचा एक फोर-के व्हिडिओ मात्र पेन ड्राइव्हवरूनही धक्के देत होता. तो रोग वेगळा. नवे फोन व्हिडिओ एच २६५ या पद्धतीने आवळून ठेवतात आणि आमच्या टीव्हीला ती पद्धत झेपत नाही. जेलीफिनवरून लावला तर ते सॉफ्टवेअर तो टीव्हीला कळेल अशा रूपात जागेवर बदलायला घेतं आणि त्या कामाने माडीवरचा जुना संगणक धापा टाकतो. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर 'ट्रान्सकोड' असं दिसलं की समजावं, दोष वायफायचा नाही, प्रोसेसरचा आहे. अशा फाइली आम्ही रात्रीत एकदाच बदलून ठेवल्या. लावणीच्या व्हिडिओसमोर मात्र 'डायरेक्ट प्ले' दिसत होतं, म्हणजे संगणक नुसता फाइल पुढे ढकलत होता. उरली फक्त वाट.

वाट मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. टीव्हीशेजारी लॅपटॉप ठेवला आणि माडीवरची एक मोठी फाइल वायफायवरून त्यावर कॉपी करायला लावली. कॉपीच्या खिडकीत वेग दिसतो : सेकंदाला सव्वादोन एमबीच्या आसपास. इथे एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. कॉपीचा वेग बाइटमध्ये येतो, व्हिडिओचा आणि नेटच्या प्लॅनचा बिटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट. म्हणजे आमची वाट सुमारे १८ एमबीपीएसची. ओटीटीवरच्या पूर्ण एचडी सिनेमाला ५ एमबीपीएस पुरतात, कारण त्यांनी तो आधीच खूप आवळलेला असतो. माझ्या कॅमेऱ्याची एव्हीसीएचडी फाइल त्या मानाने सैल. सर्वांत चांगल्या दर्जावर ती २४ एमबीपीएसपर्यंत जाते, तासाला दहा-अकरा जीबी. अठराच्या वाटेतून चोवीस कसे जाणार?

पण मग चार-पाच सेकंद नीट का चालायचं? आणि यात्रेचे, लग्नाचे काही भाग अजिबात का अडायचे नाहीत? याचं उत्तर आईच्या वाक्यात होतं. व्हिडिओ आवळण्याची युक्ती अशी की मागच्या चित्रात जे होतं ते पुन्हा लिहायचं नाही, बदललेलं तेवढंच लिहायचं. लग्नाच्या मांडवात पाठीमागचा पडदा स्थिर असतो, लिहिण्यासारखं थोडंच. पण भातखाचरात पाऊस पडत असला की पाण्याचा प्रत्येक ठिपका हलतो, रोपं हलतात, मागचा डोंगर धुक्यात सरकतो. जुनं काही उरतच नाही आणि कॅमेरा शेवटच्या मर्यादेपर्यंत बिट ओततो. आई सांगत होती ती चित्रातल्या पावसाबद्दल. खाचरात सर कोसळली की टीव्हीवर गोल फिरायला लागायचं.

आता वाट एवढी अरुंद का, याकडे वळलो. पहिलं कारण मांडणीत होतं. संगणकही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर. फाइल माडीवरून राउटरकडे हवेतून गेली आणि राउटरकडून टीव्हीकडे पुन्हा हवेतूनच आली. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, त्यामुळे तीच फाइल त्या हवेत दोनदा जागा अडवत होती. मिळणारा वेग सरळ अर्धा.

दुसरं कारण शनिवार-रविवार. त्या दोन दिवशी कॉपीचा वेग निम्म्यावर यायचा. मोबाइलवर वायफाय ॲनलायझर उघडल्यावर कारण दिसलं. आजूबाजूच्या शेतांत आता भाड्याचे बंगले उभे आहेत. आठवडाभर ते ओस असतात आणि शनिवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात. त्यांच्याबरोबर हॉटस्पॉट, ब्लूटूथचे स्पीकर, बंगल्यांचे राउटर, कॅमेरे. हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हा पट्टा भारतात २००५ साली परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. त्यात चॅनेल तेरा दिसले तरी एकमेकांच्या पायात न येणारे तीनच : १, ६ आणि ११. आमचा राउटर सहावर होता आणि शनिवारी सहावर भुशी धरणाच्या रस्त्यासारखी दाटी व्हायची. हे ताडून बघायला पिंगही लावला. लॅपटॉपवरून आपल्याच राउटरला हाक मारली तर उत्तर तीन-चार मिलिसेकंदांत यावं. शनिवारी ते मधूनच दोनशेवर जात होतं, आणि राउटर तर पडवीतच होता.

चॅनेल अकरावर नेल्यावर शनिवार थोडा सुसह्य झाला. मग ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू केला. २०१८च्या अधिसूचनेनंतर या पट्ट्याचा बराच मोठा भाग आपल्याकडे खुला आहे, तिथे गर्दी कमी आणि वेग कितीतरी जास्त. पडवीत तो दणकून चालला. माजघरात मात्र एक कांडी यायची आणि जायची. लहरी जितक्या आखूड तितक्या त्या भिंतीत जास्त मुरतात आणि आमची भिंत पावसाळ्यात ओल धरून बसलेली. महागडा राउटर आणला असता तरी भिंत तीच राहिली असती.

म्हणून वायर. आधी संगणकाची. पडवीतून कौलांखालच्या वाशांना धरून मागे, तिथून जिन्याच्या कडेने माडीवर. उंदरांसाठी पूर्ण वायर पीव्हीसी पाइपातून नेली. संगणक हवेतून उतरून वायरवर आला आणि टीव्हीशेजारच्या लॅपटॉपवर कॉपीचा वेग जवळजवळ दुप्पट झाला, टीव्ही अजून वायफायवरच असताना. साध्या दिवशी लावणी एकदाही न अडता पूर्ण झाली. पुष्कळ घरांना एवढंच पुरेल : दोन टोकांपैकी जे हलवायचं नसतं ते वायरवर टाका.

शनिवारचा भरवसा अजून नव्हता, म्हणून टीव्हीलाही वायर दिली. भिंत फोडायची गरज पडली नाही. जुन्या घरांत तुळई भिंतीत बसते तिथे फट असते, तिच्यातून पाइप उतरवला. टीव्हीच्या पाठीमागचं लॅनचं तोंड १०० एमबीपीएसचंच आहे. वाचायला कमी वाटतं, पण चोवीसच्या फाइलला ते चौपट आहे आणि ते कुणाशी वाटून घ्यायचं नाही.

वायर ओढल्यावर एक गोष्ट तपासून घ्यावी. संगणकाच्या जोडणीवर १००० दिसायला हवं होतं, दिसत होतं १००. शंभराला आठांतल्या चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. एका टोकाला क्रिम्पिंग करताना निळी जोडी नीट बसली नव्हती. पिन पुन्हा मारली आणि हजार आलं. व्हिडिओसाठी त्याने फरक पडला नसता, पण अर्धी बसलेली पिन दमट हवेत पुढे कधीतरी रुसते.

हे पाहून चुलतभावाने मला त्याच्या पवना धरणाकाठच्या बंगल्यावर नेलं. पाहुण्यांचे सिनेमे अडतात अशी त्याची तक्रार. वायरचं भेंडोळं त्याने आधीच आणून ठेवलेलं, घरापासून आउटहाउसपर्यंत उघड्यावरून ओढायला. तांब्याची वायर उघड्यावरून दोन इमारतींत नेऊ नकोस, वळवात विजा पडतात तेव्हा दोन्हीकडची यंत्रं जातात, एवढं आधी सांगितलं. अशा ठिकाणी फायबरच न्यावं, त्यातून वीज वाहत नाही. मग त्याच्या राउटरला पिंग लावला. तीन मिलिसेकंद, एकदाही न हलता. बाहेरच्या पत्त्याला लावला तर पाचशे-सहाशे. म्हणजे त्याचं घर शुद्ध होतं आणि दोष बाहेरच्या वाटेवर. तिथे फायबर नाही, फोर-जीचा राउटर आहे आणि त्याचा वर जाणारा वेग जेमतेम ३ एमबीपीएस. त्यावर चार सीसीटीव्ही कॅमेरे अहोरात्र आपलं चित्रण बाहेर पाठवत होते. सिनेमा खाली उतरतो तेव्हाही 'मिळालं, पुढचं पाठव' हा निरोप वर जावा लागतो आणि तो निरोप कॅमेऱ्यांच्या मागे रांगेत उभा होता. कॅमेऱ्यांचा दर्जा उतरवला, चित्रण आतल्या मेमरी कार्डावर घ्यायला लावलं आणि त्याच संध्याकाळी पाहुण्यांचा सिनेमा सुरळीत झाला. वायरचं भेंडोळं दुकानदाराने परत घेतलं.