घरातील बायबल कोणते असावे?

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या २ तारखेस, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आमच्या देवळात मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातील वाचन झाले. युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांना पापक्षमा मिळावी म्हणून यहूदा मक्काबी याने वर्गणी गोळा केली व सुमारे २,००० द्राख्मा चांदी यज्ञासाठी यरुशलेमेस पाठविली, असा तो प्रसंग आहे. त्याच्या आधारे मी प्रवचन केले, दफनभूमीत जाऊन कबरींना आशीर्वाद दिला आणि त्या दिवसाचे माझे काम संपले असे समजलो.

दोन दिवसांनी गावातील एक विधवा बाई बगलेत बायबल घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा पुण्यास कारखान्यात नोकरीला आहे. वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावण्यासाठी तो आला होता. घरी परतल्यावर त्याने बायबलाची अनुक्रमणिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मक्काबींचे नावही त्याला कोठे सापडले नाही. तेव्हा तो आईला म्हणाला, "फादरांनी हे कुठून आणलं?"

"फादर, तुमच्यावर माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या, "पण पोराला काय दाखवू? आणि खरं सांगू, त्या रात्री मलाही झोप लागली नाही. सहा वर्षं यांच्यासाठी मिस्सा करवून घेते आहे. ते सगळं वाया गेलं का?"

मी घाईत होतो. "मावशी, ते पुस्तक प्रोटेस्टंटांचे आहे. ते बाजूला ठेवा," एवढेच मी बोललो. त्या काही बोलल्या नाहीत. पुस्तक पदराखाली घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांकडून मला कळले की, ते बायबल त्यांच्या नवऱ्याने जत्रेत विकत घेतले होते आणि अखेरच्या आजारात तो रोज रात्री त्यातील शुभवर्तमान वाचीत असे. ज्या पुस्तकात एका मरणोन्मुख माणसाला प्रभूचा शब्द भेटला, ते पुस्तक बाजूला ठेवण्यास मी त्याच्या पत्नीला सांगितले होते! माझ्या कपाटात इंग्रजी भाष्यांची रांग आहे. सेमिनरीत मी त्यांचा अभ्यास केला. परंतु त्या बाईंच्या साध्या प्रश्नाला त्यांतील एक वाक्यही मी मराठीत करून दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्सेतील वाचनांचा मराठी ग्रंथ घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. प्रथम क्षमा मागितली, मग तो उतारा त्यांच्यापुढे उघडला. नंतर जे सांगितले, तेच येथे लिहितो. कारण हा प्रश्न पुष्कळांच्या घरात असणार.

आपल्या कॅथोलिक बायबलात ७३ ग्रंथ आहेत: जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलात ६६ आहेत. नवा करार दोघांचाही तोच. फरक आहे तो जुन्या करारातील सात ग्रंथांचा: टोबित, यहूदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ. शिवाय एस्तेर व दानिएल यांतील काही भाग. प्राचीन ग्रीक जुन्या करारात हे ग्रंथ होते व पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक तोच वाचीत. हिब्रू संग्रहात मात्र ते नव्हते. मार्टिन लूथर याने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ते वेगळे काढून दोन्ही करारांच्या मध्ये ठेवले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ते पवित्र शास्त्राचाच भाग असल्याचे ठरवून दिले. पुढे १८२६ साली लंडनच्या बायबल सोसायटीने या ग्रंथांच्या छपाईस पैसा न देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तिच्या मदतीने जगभर पसरलेल्या स्वस्त प्रतींत ते आले नाहीत. मावशींच्या प्रतीत मक्काबी का नव्हते, त्याचे उत्तर हे असे आहे. कोणी कोणाला फसविले नव्हते.

म्हणून बायबल विकत घेताना प्रथम अनुक्रमणिका पाहावी. टोबित आणि मक्काबी आहेत काय, एवढे पाहिले तरी पुरे. मग पहिल्या पानामागे बिशपांची मान्यता छापलेली आहे काय ते पाहावे; कॅथोलिकांसाठी निघणाऱ्या बायबलास परमगुरूंची अथवा बिशपांच्या परिषदेची संमती लागते. तिसरे, तळटीपा असाव्यात. टीप नसलेले बायबल म्हणजे वाटाड्याविना घाट चढणे होय.

याचा अर्थ, दुसऱ्यांचे भाषांतर हाती धरू नये असा नव्हे. पंडिता रमाबाई यांनी साध्या माणसांना कळावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सगळे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, संपूर्ण प्रसिद्ध झाले. त्या श्रमापुढे आपण नम्र व्हावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विभक्त बंधूंच्या सहकार्याने भाषांतरे करण्यासही वाट मोकळी केली. आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' तर आजच्या मराठीत सहज वाचता येते. एक ओळ कळली नाही, तर दुसऱ्या भाषांतरात तीच ओळ पाहावी. पुष्कळदा तेथे अर्थ उलगडतो.

स्तोत्रांच्या क्रमांकानेही घोटाळा होतो. हिब्रूतील नववे व दहावे स्तोत्र ग्रीक व लॅटिन प्रतींत एकच धरले आहे. त्यामुळे मेंढपाळाचे स्तोत्र एकीकडे २३ वे, तर जुन्या लॅटिन पुस्तकात २२ वे. पुस्तक चुकीचे नाही. मोजणी निराळी आहे.

आणखी काय हवे? ज्याला पुढे अभ्यास करावयाचा आहे त्याने एक शब्दसूची व एक बायबलकोश मिळवावा. प्रत्येक घराने तो विकत घ्यावा असे नाही. धर्मग्रामाच्या कपाटात एक प्रत असली म्हणजे भागते. आमच्या येथे ते कपाट आता रविवारी मिस्सेनंतर उघडे असते. आणि भाषेविषयी म्हणाल, तर सीमेवरील आपल्या घरांत आई कोकणी बोलते, बाप मराठी वाचतो, मूल शाळेत कन्नड शिकते. ज्याने त्याने ज्या भाषेत प्रार्थना करताना मन लागते, त्या भाषेतील बायबल घ्यावे.

मक्काबींचा तो उतारा मी मावशींना वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून दिला. त्यांनी ते पान घडी करून नवऱ्याच्या जुन्या बायबलात ठेवले. नाताळात मुलगा आला, तेव्हा त्याने ते वाचले. "आई, पुढल्या वर्षी बाबांच्या मिस्सेचे पैसे मी देतो," एवढेच तो बोलला.

प्रिय कुटुंबीयहो, आज रात्री रोझरी झाल्यावर आपले बायबल खाली काढा आणि अनुक्रमणिका पाहा. सात ग्रंथ नसले, तरी ते टाकू नका. वाचीत राहा, आणि उरलेल्यांसाठी आपल्या फादरांकडे या. फादर घाईत दिसले, तर त्यांना थांबवा.