‘ओ’ म्हणून सोडून देऊ नकोस

प्रिय सई,

रक्तपेढीची पोस्टिंग लागली म्हणून तू हिरमुसली आहेस, असं ताई सांगत होती. ए, बी, ओ काढण्यात कसली आलीय दुर्मिळ केस, त्या मेडिसिनवाल्यांच्या वाट्याला, ही तुझी तक्रारही पोचली. अगं, मुंबईचं नाव जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं ते ह्याच कंटाळवाण्या कामातून!

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत तीन माणसांचं रक्त विचित्र आढळलं. पेशी अँटी-ए, अँटी-बी कशालाच दाद देईनात, म्हणजे गट ओ. पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. नमुना बदलला असेल, रिएजंट खराब असेल, असं म्हणून विषय संपवणं किती सोपं होतं! त्यांनी तो संपवला नाही. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला. लेखकांत भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स. हाच आपला बॉम्बे ब्लड ग्रुप.

ह्या तिघांमुळे काय कळलं बघ. ए आणि बी ह्या लाल पेशीवरच्या शर्करा, आणि त्या अडकतात एच नावाच्या पदार्थावर. खुंटीच नसेल तर टोपी अडकवणार कुठे? आईबापांकडून आलेलं ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही चाचणीत ते दिसतच नाही. उलट, ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त. ज्याच्या अंगात एच कधी नव्हताच, त्याच्या रक्तात अँटी-एच तयार असतं आणि ते शरीराच्या तापमानाला काम करतं. ज्याला आपण बिनधास्त ‘कुणालाही चालणारं’ म्हणतो, ते रक्त अशा माणसाचा जीव घेऊ शकतं. ‘ओ’ हा गट आपण काही न दिसण्यावरून ठरवत होतो. ते ‘काही नाही’ दोन तऱ्हांचं असतं हे ह्या तिघांनी शिकवलं. मला स्वतःला कुठल्याही भारदस्त सिंड्रोमपेक्षा हे जास्त थरारक वाटतं.

आणि घरगुती रामायणं! ‘ओ’ गटाच्या आईला एबी गटाचं मूल झालं, की सासरी कुजबुज सुरू. आई बॉम्बे गटाची असेल तर तिने लपलेलं बीचं जनुक दिलेलं असू शकतं. तेव्हा चारित्र्यावर जाण्याआधी कुणीतरी एचची चाचणी करा म्हणावं.

आपल्याकडे असा माणूस साधारण 10,000 मध्ये एक मानतात. युरोपात दहा लाखांत एखादा. नुसतं पेशींचं ग्रुपिंग करून थांबलीस तर तो कधीच सापडणार नाही. सीरमचं ग्रुपिंग करताना ए आणि बीसोबत ओच्या पेशीही लाव. तिथे गुठळ्या झाल्या तर अँटी-एच लेक्टिन काढ. ते युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांतून मिळतं.

असा रुग्ण सापडलाच, तर रक्तदात्यांच्या याद्या धुंडाळताना त्याच्या सख्ख्या भावंडांनाही बोलावून घे. एच न बनवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, म्हणून प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारांत एक असते. आईवडील नात्यातले आहेत का, हेही विचार, पण जरा हळुवारपणे.

तुमच्या पेढीत ओच्या पेशी रोज लावतात की नाही, ते कळव. लावत नसतील तर तुझ्या मॅडमशी मी बोलेन.

तुझी,
मावशी