अब्बांचं रिव्हॉल्वर

जुम्याच्या दिवशी सकाळी आमच्या घरात दोन वास दरवळायचे. एक अत्तराचा, दुसरा शिलाई मशीनच्या तेलाचा. अत्तर नमाजसाठी, तेल अब्बांच्या रिव्हॉल्वरसाठी. अम्मी कुरकुरायची, "माझी मशीन कोरडी पडली तरी चालेल, तुमच्या या लाडकीला मात्र दर जुम्याला न्हाणं!"

अब्बा हिंगणघाटच्या बाजारात धान्याचे अडत्या होते. तेव्हा सगळा व्यवहार रोखीचा. अंधार पडता पडता पैशांची पिशवी घेऊन ते स्कूटरने घरी यायचे. म्हणून २००० साली, मी बी.एड.ला असताना, रीतसर परवाना काढून त्यांनी कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर घेतलं. बाजूची कळ दाबली की नळी खाली झुकायची आणि सहा घरांचं चक्र समोर यायचं. अब्बा प्रत्येक घरात डोकावून बघत, मगच फडकं हातात घेत. ते रिकामं असलं तरी कुणाच्या दिशेने धरायचं नाही, हा घरचा कायदा. आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नका, सैतान कधी हात घसरवील सांगता येत नाही, ही प्रेषितांची (स.) ताकीद मी मदरशाच्या आधी अब्बांच्या तोंडून ऐकली.

वर्षानुवर्षं कातडी म्यानात घासून नळीच्या टोकाचा काळा रंग उडाला. मुठीवरच्या रेघा अंगठ्याखाली गुळगुळीत झाल्या. अब्बांना ते त्यामुळेच जास्त आवडायचं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ते ठाण्यात जमा करावं लागे. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा ते गेलं. तेवढे दिवस अब्बांचा हात उगाच कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

मला त्याचा अवघडलेपणा वाटायचा. दरवर्षी मी मुलांना सेवाग्रामला नेते. बापूकुटीतल्या त्या मोजक्या, वापरून जुन्या झालेल्या वस्तू दाखवते, अहिंसेवर बोलते आणि संध्याकाळी घरी येते, तर कपाटात रिव्हॉल्वर. एकदा मी तसं बोलून दाखवलं. अब्बा हसले आणि तोपर्यंत फक्त अम्मीला माहीत असलेली गोष्ट मला सांगितली.

एका पावसाळी संध्याकाळी दोन पोरांनी त्यांची स्कूटर अडवली होती. एकाच्या हातात कोयता. अब्बांचा हात कमरेवर गेला. "बेटा, त्याचा हात थरथरत होता. तुझ्या वर्गातल्या मुलाएवढा असेल. मी पिशवी देऊन टाकली." मी विचारलं, "मग ते जवळ बाळगून उपयोग काय झाला?" ते म्हणाले, "ते जवळ होतं म्हणून मी घाबरलो नाही. घाबरलो नाही म्हणून त्याचा चेहरा दिसला." पिशवीतली रक्कम शेतकऱ्यांची होती. ती त्यांनी पुढचं वर्षभर स्वतःच्या अडतीतून फेडली.

आता अब्बा ७४ वर्षांचे आहेत. हात कापतो. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलेलं असलं, तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, असं २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. भाऊ परदेशात. अब्बांनी माझं नाव पुढे केलं. "तू सांभाळशील. बाकी कुणावर माझा भरवसा नाही."

आठ दिवस मला झोप आली नाही. बापाने विश्वासाने पुढे केलेली वस्तू नाकारायची कशी? पण मी स्वतःला विचारलं, की त्या पोरासमोर मी असते तर? मला त्याचा चेहरा दिसला असता का? याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी अब्बांना तसंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ज्याला स्वतःची खात्री नाही, त्याने अमानत घेऊ नये. बरं केलंस, खरं बोललीस."

गेल्या महिन्यात कागदपत्रं पूर्ण करून आम्ही ते नागपूरच्या परवानाधारक विक्रेत्याकडे दिलं. निघायच्या आदल्या रात्री अब्बांनी ते शेवटचं पुसलं. हात कापत होता, म्हणून फडकं मी धरलं. विक्रेत्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, बहुत संभाल के रखा आपने." अब्बांचे डोळे भरून आले. परतीच्या रस्त्यात ते काही बोलले नाहीत.

परवा जुमा होता. सकाळी सवयीने त्यांनी तेलाची बाटली मागितली, मग थांबले. अम्मीने काही न बोलता आपली मशीन त्यांच्यापुढे सरकवली. अब्बांनी फडकं घेतलं आणि तिच्या चाकाला तेल घालायला लागले.

घर, शेत, दागिने वाटून घेता येतात. अब्बांचा तो धीर कुठल्या परवान्यावर माझ्या नावे होणार नाही. तो अल्लाहकडे मागावा लागेल आणि रोज थोडा थोडा कमवावा लागेल.