आधी पाय, मग रिंग

बास्केटबॉलच्या मैदानावर प्रथमच आलेल्या मुलाला चेंडू रिंगमध्ये टाकायचा असतो आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पालकांनाही तेवढाच हिशेब कळतो; त्यामुळे बहुतेक शिबिरांत शिक्षणाची सुरुवात शॉटपासून होते आणि पुढे वर्षानुवर्षे छळणारे दोष तिथेच रुजतात. रिंग 3.05 मीटर उंचीवर असते आणि 7 क्रमांकाचा, म्हणजे पुरुषांच्या सामन्यात वापरला जाणारा चेंडू सुमारे 600 ग्रॅम वजनाचा असतो. तो तिथवर पोहोचवण्याइतकी ताकद दहा वर्षांच्या मुलाच्या हातात नसते, म्हणून तो चेंडू कमरेपाशी नेतो, कोपर बाहेर फाकवतो आणि पाठ मागे टाकून दोन्ही हातांनी चेंडू वर भिरकावतो. असा चेंडू अधूनमधून रिंगमध्ये पडतोही, आणि खरी पंचाईत तीच आहे, कारण फळ देणारी चुकीची सवय मोडणे फार अवघड असते. अशा वेळी ‘कोपर आत घे’ असे ओरडून काही साधत नाही. शरीराने आपल्या कुवतीत शोधलेली ती वाट असते. बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर आणि चेंडू 5 क्रमांकाचा, म्हणजे शंभरेक ग्रॅमने हलका असतो, तो याच कारणाने. जिथे खांब पक्के रोवलेले असतात, तिथे निदान चेंडू तरी बदलता येतो आणि मुलाला रिंगच्या अगदी जवळ, बोर्डाच्या तिरक्या बाजूला उभे करून एका हाताने शॉट मारायला लावता येतो.

तरीही हा खेळ मुळात पायांचा आहे. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांपैकी एकाने चेंडू हातात घेऊन धावण्यास मनाई केली, आणि कसे थांबावे, कसे वळावे हा प्रश्न त्या मनाईतून जन्मला. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबणे म्हणजे जंप स्टॉप. त्यानंतर कोणताही एक पाय पिव्होट, म्हणजे जागचा न हलवता ज्याच्यावर वळायचे असा पाय, करता येतो. एकामागून एक पाय टेकवून थांबण्याला स्ट्राइड स्टॉप म्हणतात आणि त्यात आधी टेकलेला पायच पिव्होट ठरतो. हा फरक तोंडी समजावण्यापेक्षा चेंडूशिवाय, शिट्टीवर थांबायला लावून अंगात मुरवावा. मुले कंटाळतात हे खरे, पण दहा मिनिटांचा कंटाळा त्यांना सोसतो.

ले-अप, म्हणजे धावत जाऊन बोर्डाच्या आधाराने केलेला शॉट, उलट्या क्रमाने शिकवणे अधिक सोपे जाते. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने प्रथम फक्त डाव्या पायावर उडून, उजवा गुडघा वर उचलत चेंडू बोर्डावर ठेवावा, मग त्याआधीचे उजवे पाऊल जोडावे आणि ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे जाण्याचा भाग, अगदी शेवटी आणावा. सुरुवातीपासून ड्रिबल दिला की मूल चेंडूकडे पाहते, पावले चुकतात आणि उडी उजव्या पायावर पडते.

जॉर्ज मायकनसारखा उंच, पण हालचालीत अवघडलेला तरुण डीपॉल विद्यापीठात आला, तेव्हा प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला आणि नृत्य शिकायला लावले. रिंगखाली आलटून पालटून दोन्ही हातांनी शॉट मारण्याचा ‘मायकन ड्रिल’ आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्यामागचे दोरीवरचे कष्ट मात्र फारसे कोणी अनुसरत नाही.

हल्ली कोन, म्हणजे खुणेचे शंकू, मांडून त्यांच्यामधून चपळाईने ड्रिबल करवून घेण्याची टूम आहे. चेंडूवरचा हात त्याने बसतो, पण कोन कधी आडवा येत नाही आणि चेंडूवर हातही मारत नाही, त्यामुळे पास द्यायचा की आत घुसायचे, हे ठरवण्याची वेळ मुलावर येतच नाही. दोन आक्रमक आणि एकच बचावपटू असा छोटा डाव अर्ध्या मैदानात लावला, तर ही वेळ दर काही सेकंदांनी येते. बचावपटू चेंडूवाल्याकडे झेपावला की पास मोकळा होतो आणि तो मागे राहिला की वाट मोकळी होते, एवढे मुले आपसूक ताडतात, आणि शिट्टी खिशात ठेवणे प्रशिक्षकाला जमले, तर अधिक लवकर ताडतात.