नागमोडी रेघ

आमचें घर शेवगांवचें. गोदावरी तालुक्याच्या उत्तर कडेनें वाहते, नाथसागराचें पाणीहि दूर नाहीं; तरी पावसानें एखादें वर्ष दगा दिला म्हणजे आमच्याकडे विहिरीच्या पाण्याइतकी मोलाची दुसरी वस्तु नसते. पुढील हकीकत समजण्यास एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरे.

गेल्या दिवाळींत थोरली व धाकटी अशा दोन्ही पात्या वाड्यांत जमल्या होत्या. आमची पुतणी पुण्यास मराठ्यांच्या इतिहासाचें संशोधन करते. तिनें फराळानंतर माळ्यावरचा रुमाल, म्हणजे कापडांत बांधलेलें जुन्या कागदांचें गाठोडें, खालीं काढावयास लावला. सगळे कागद मोडी. ते धडपणें वाचणारें आतां घरांत कोणी उरलेलें नाहीं. आमची स्वतःची मोडी आजोबांची सही ओळखण्यापलीकडे जात नाहीं.

“काका, आतां गंमत पाहा,” असें म्हणून तिनें एका वांटणीपत्राचें छायाचित्र मोबाइलवर घेतलें व तें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवालीं केलें. अर्ध्या मिनिटांत स्वच्छ देवनागरी उतारा पुढें आला! आम्ही थक्क झालों. शेवटची ओळ तिनें मोठ्यानें वाचली, ती अशी, कीं विहिरीचें पाणी दोघां भावांनीं निमेनीम घ्यावें.

तोंच धाकट्या पातीचे अण्णा उठून उभे राहिले. आमच्यांत पाण्याची पाळी पिढ्यान् पिढ्या थोरल्यांचे चार दिवस व धाकट्यांचे तीन अशी चालत आली आहे, आणि त्या एका दिवसाचें शल्य अण्णांच्या वडिलांनींहि जन्मभर उराशीं बाळगलें होतें. थोरल्या वहिनींनीं हातांतलें तबक खालीं ठेवलें. कोणी कांहीं बोललें नाहीं.

इतक्यांत पुतणीचा चेहरा उतरला. उताऱ्याच्या आरंभीं आमच्या गांवाचें नांव ‘शेगांव’ असें आलें होतें! विदर्भांतील शेगांव गजानन महाराजांमुळें सर्वतोमुखीं झालेलें. यंत्रानें बहुधा परिचयाचें नांव पसंत केलें आणि आमचें बापडें शेवगांव पुसून टाकलें. तिनें भिंग मागवून कागद उजेडाशीं धरला. शेवटल्या ओळींत ‘विहिरीचें पा’ एवढींच अक्षरें होतीं. पुढें वाळवीनें पाडलेलें रुपयाएवढें भोंक. तोच कागद पुन्हां यंत्रापुढें ठेवला, तेव्हां त्यानें तितक्याच ठामपणें सांगितलें, कीं पाणी प्रथम थोरल्यानें घ्यावें!

यंत्र खोटें बोललें काय? खोटें बोलण्यास मनांत हेतु असावा लागतो. हें यंत्र अफाट मजकूर पाहून, अमुक शब्दामागें तमुक शब्द येण्याचा संभव किती, एवढेंच शिकलेलें असतें. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं; तेव्हां माणूस वाचक तरी अंदाजावांचून कोठें वाचतो? परंतु माणूस अंदाज करतांना अडखळतो, आणि तें अडखळणें ऐकणाऱ्यास कळतें. यंत्र अडखळत नाहीं.

त्या रात्रीं पुतणीशीं पुष्कळ वेळ बोलत बसलों. तिच्या उमेदीस कारण आहे. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून कागद जमविले व 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें त्यांचे खंड काढले. रियासतकार सरदेसायांनीं 1930 ते 1934 या अवधींत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे 45 भाग सिद्ध केले. तरी वाचावयाचे राहिलेले मोडी कागद कोट्यवधि आहेत आणि वाचणारे फार थोडे. रुरकीच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं 2025 सालीं दोन हजारांहून अधिक मोडी पानांचीं छायाचित्रें देवनागरी उताऱ्यांसह एकत्र करून यंत्रास शिकविण्याची सोय केली आहे. “काका, माझ्या सगळ्या आयुष्यांत मी वाचीन त्याहून अधिक कागद हें एका महिन्यांत चाळील,” ती म्हणाली; आणि थोडें थांबून, “पण मग मोडी कोण शिकेल? आणि कोणी शिकलें नाहीं, तर त्याची चूक काढणार कोण?”

या प्रश्नावर आम्हांस भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण झाली. 1919 ते 1966 पर्यंत चाललेल्या त्या कामांत 1,259 हस्तलिखितें तपासलीं गेलीं. ज्या पाठाविषयीं संपादकांची पुरती खात्री पटली नाहीं, त्याखालीं त्यांनीं नागमोडी रेघ छापली आहे. जन्म ज्यांनीं पाठ ताडून पाहण्यांत घालविला, त्या पंडितांस आपली शंका छापण्यांत कमीपणा वाटला नाहीं. इटलींत व्हेसुव्हियसच्या राखेखालीं जळून कोळसा झालेल्या, न उलगडलेल्या गुंडाळ्यांतला पहिला शब्द 2023 सालीं यंत्राच्या साह्यानें वाचला गेला. तेथेंहि जुनें ग्रीक जाणणाऱ्या विद्वानांनीं अक्षर न् अक्षर स्वतः पाहून घेतलें. यंत्रास संशोधकानें जवळ करावें, यांत आमच्या मतें वावगें कांहीं नाहीं. मात्र नागमोडी रेघ कोठें ओढावयाची, हें ठरविण्याइतकी विद्या त्यानें स्वतःजवळ राखिली पाहिजे. ती गेली, तर वाळवीच्या भोंकांतून हवा तो इतिहास बाहेर काढतां येईल.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें भिंगाखालीं एकेक अक्षर लावून उतारा हातानें लिहिला. ‘विहिरीचें पा’ यापुढें टिंबें दिलीं व समासांत लिहिलें, “येथें कागद वाळवीनें खाल्ला आहे.” अण्णा तो कागद बराच वेळ हातांत धरून बसले. मग वहिनीच म्हणाल्या, “कागदांत नाहीं तर नाहीं, भाऊजी. सातवा दिवस एका आठवड्यास आमचा, एका आठवड्यास तुमचा. हें आतां आपणच लिहूं.” तसें लिहिलें, आणि दोन्ही पात्यांच्या सह्या झाल्या.

ज्या वाचकांच्या माळ्यावर असे रुमाल असतील त्यांनीं ते उतरवून झटकावे, छायाचित्रें घ्यावीं, यंत्राकडूनहि खुशाल वाचून घ्यावे. परंतु घरांतल्या एका तरी मुलास वा मुलीस मोडी शिकवावी. आमच्याकडे सुटीभर सकाळीं पुतणीनें चार मुलांस धडे दिले. त्यांतलीं दोन अण्णांचीं नातवंडें.