चिंगीचं कोपर



आमच्या चौथीच्या वर्गात चिंगी नावाची एक मुलगी आहे, पण ती हजेरीपटावर नाही. ती माझ्या लॅपटॉपमध्ये राहते. कृतिगीतं दाखवायला मी तिला ‘ब्लेंडर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनवली. डी.एड.ला काठीच्या आणि हातमोज्याच्या बाहुल्या केल्या होत्या, तेवढंच माझं भांडवल. बाकी सगळं मोहन्यातल्या घरी, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर शिकले.

पहिल्या दिवशी वर्ग पोट धरून हसला. चिंगीचं कोपर उलटं वळलं आणि वेणी सापासारखी वळवळत राहिली, थांबेचना!

असं का झालं, ते सांगते. संगणकातल्या पात्राला आपण हाडं बसवतो, पण कोणतं हाड किती वळावं हे संगणकाला माहीत नसतं. ते आपण सांगायचं. खांदा उखळीचा सांधा, म्हणून तो सगळीकडे फिरतो. कोपर बिजागरीचा सांधा, दारासारखा. सरळ हात शून्य अंश धरला, तर कोपर साधारण १४५ अंशांपर्यंत मिटतं. वेणीसाठी मुख्य आकडे तीन: वजन, ताठरपणा आणि डॅम्पिंग. डॅम्पिंग म्हणजे झोका किती लवकर विरतो ते. ते कमी पडलं की वेणी झुलतच राहते, जास्त झालं की पाण्यात असल्यासारखी संथ हलते. ताठरपणा वाढवला की वेणीची काठी होते.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या कलांसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे बाहुलीची हालचाल कलाकाराची बोटं दोरीवरून सांभाळतात. माझ्याकडे दोरी नाही, आकडेच आहेत. मग ते अंदाजाने कशाला टाकायचे? मुलांकडूनच घेऊ म्हटलं.

दोन वेण्यांवाली एक मुलगी उडी मारून थांबली, बाकीच्यांनी झोके मोजले. तीन झोक्यांत वेणी शांत! हातासाठी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टिचबटणाने जोडल्या. पट्टी हातावर धरायची, हात मिटायचा, उघडायचा, आणि मी कोनमापकाने कोन वाचायचा.

एका मुलाचा हात पडून मोडला होता. तेव्हापासून तो पूर्ण सरळ होत नाही. त्याची पाळी आली तेव्हा मी पटकन म्हणाले, “तुझं राहू दे हं.” मला वाटलं, चारचौघांत त्याला वाईट वाटेल.

तो म्हणाला, “का बाई? माझं पण मोजा ना.”

खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. त्याला हाताचं काही वाटत नव्हतं. त्याला वगळणारी मीच होते. मोजलं. हात सरळ व्हायला ३० अंश कमी पडत होते. फळ्यावर सगळ्यांच्या आकड्यांत त्याचाही आकडा लिहिला.

त्या रात्री चिंगीला एक मित्र केला. त्याच्या कोपराची मर्यादा शून्याऐवजी ३० पासून सुरू केली आणि हातात चेंडू दिला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने नीट बघितलं आणि म्हणाला, “बाई, चुकलं. चेंडू टाकताना मी खांदा जास्त वर उचलतो.” उठून करूनही दाखवलं. कोपर जिथे अडतं, तिथे खांदा त्याचं काम उचलत होता. हे मला कोणत्याही व्हिडिओत सापडलं नसतं. मी खांद्याचा आकडा बदलला, आणि तो मित्र एकदम खरा वाटू लागला.

लॅपटॉप नसेल तरी हा पाठ होतो, बरं का. पुठ्ठा, टिचबटण आणि कोनमापक पुरे. पालकांनो, घरी मुलांबरोबर तुमचे गुडघे, मनगटंही मोजा. आजीचा गुडघा किती वळतो, ते नातवंडांना कळू दे. फक्त मोजताना जोर लावू नका, जिथे हात थांबेल तिथेच थांबा.

आणि शिक्षक मित्रांनो, कुणालाही “तुझं राहू दे” म्हणू नका.