मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील घर

कॅलिफोर्नियांत नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांबरोबर गेल्या वर्षीं आम्हीं मेक्सिको देशांतील पुएर्तो वायार्ता हें गांव पाहिलें. समोर पॅसिफिक महासागर, पाठीशीं हिरवे डोंगर, मध्यें लाल कौलांचीं घरें! आम्हांस आमच्या गुहागरची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. चिरंजीवांस तेथें घर घ्यावयाचें होतें व आमची संमति हवी होती.

चौकशी करितां कळलें कीं, १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानें किनाऱ्यापासून ५० व सरहद्दीपासून १०० किलोमीटरांच्या पट्ट्यांत परकीयास जमिनीची थेट मालकी नाहीं. कारणहि तसेंच आहे. टेक्ससांत बाहेरच्यांस वसूं दिलें. १८३६ सालीं तो प्रांत फुटला, आणि १८४८ च्या तहानें देशाचा निम्म्याच्या जवळपास मुलूख गेला. दुधानें तोंड पोळलेला ताकहि फुंकून पितो.

मात्र १९९३ च्या कायद्यानें एक वाट ठेविली आहे. परराष्ट्र खात्याच्या परवान्यानें तेथील बँक विश्वस्त होते. खरेदीखत नोटरीपुढें बँकेच्या नांवें होतें. राहणें, भाड्यानें देणें, विकणें हे सर्व हक्क परकीयाचे. मुदत ५० वर्षें, पुढें वाढवितां येते. बँकेस वार्षिक मेहनताना द्यावा लागतो, आणि या घराबाबत स्वदेशाच्या सरकारकडे दाद मागणार नाहीं असें लिहूनहि द्यावें लागतें.

"अण्णा, पैसे आपले आणि नांव बँकेचें?" चिरंजीव म्हणाले. एका दलालानें तर बँकेच्या कटकटीवांचून निम्म्या किंमतीची जागा दाखविली. ती निघाली 'एहिदो', म्हणजे गांवकीची सामायिक जमीन! रीतसर खाजगी झाल्यावांचून ती परकीयास मिळतच नाहीं. आम्हीं म्हटलें, "बाळ, न्यास म्हणजे ठेव. ठेव सांभाळणारा तिचा उपभोग घेत नाहीं, हाच त्याचा धर्म. बँकेचें नांव खुशाल असूं द्या. पण ही स्वस्ताई नको."

बँकेच्या मसुद्यांत, लाभधारकाच्या पश्चात् हक्क कोणास जावा, यासाठीं एक ओळ कोरी होती. चिरंजीवांनीं तेथें आमच्या नातीचें नांव लिहिलें. आम्हांस समाधान वाटलें. गुहागरच्या घराच्या उताऱ्यावर आमच्या मागें कोणाचें नांव लागावयाचें, हें विचारण्याचें मात्र त्या दिवशीं आम्हांस धैर्य झालें नाहीं.